समुद्रकाठच्या गावातून कार न काढता एमटीबीचे रूट कसे शोधायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक सांगून टाकतो. एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, कच्च्या डोंगरवाटांवर चालवायची जाड टायरची सायकल, आणि ट्रेल म्हणजे ती कच्ची वाट. खाली जिथे जिथे रूट म्हटलंय तिथे अर्थ एकच, घराच्या दारातून सायकलवर निघायचं आणि सायकलवरच दारात परत यायचं, फार तर मध्ये ट्रेन किंवा बोट. गाव कुठलंही असो, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला थोडेफार चढ असले की पुरे.

कार नाही मग डोंगरापर्यंत पोचणार कसं? सगळे तर सायकल कारच्या मागे लावूनच जातात ना?

पोचता येतं, आणि मला तर आता दारातून निघालेली राइडच पूर्ण वाटते. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी लागते, की आपण ट्रेल शोधत नाहीयोत, आपण एक पूर्ण फेरी शोधतोय. कारने जाणाऱ्याला फक्त मधला भाग लागतो, आपल्याला जायचा रस्ता, मधला ट्रेल आणि यायचा रस्ता असे तिन्ही जुळवावे लागतात आणि खरी मेहनत पहिल्यात आणि तिसऱ्यातच आहे. मधला ट्रेल कुणीही सांगतं, "त्या टेकडीच्या मागे जा, मस्त आहे" म्हणून. तिथपर्यंत ट्रकच्या धुरातून न जाता कसं जायचं हे मात्र कुणी सांगत नाही, ते आपणच शोधायचं.

नकाशा उघडला. आता बघायचं काय?

घरावर बोट ठेवा आणि मनातल्या मनात १५ किलोमीटरचं वर्तुळ काढा. निम्मं पाण्यात जातं, बघून थोडं वाईट वाटतं, पण उरलेला अर्धा भाग सुद्धा साधारण साडेतीनशे चौरस किलोमीटर भरतो आणि एवढी जमीन सायकलवरून पूर्ण बघून व्हायला वर्षं लागतात.

त्या अर्धचंद्रात तीन गोष्टी हेरा. पाणी कुठून कुठून समुद्राला मिळतं, त्या दोन दोन प्रवाहांच्या मध्ये उंचवट्याच्या सोंडा कशा उतरल्यात, आणि पाणी ओलांडायला पूल कुठे आहेत. ओढे-नद्या बहुतेक वेळा किनाऱ्याला काटकोनात येतात, त्यामुळे किनाऱ्याला समांतर जायला गेलात की प्रत्येक दरीत उतरा, परत चढा, परत उतरा असं होतं आणि २० किलोमीटरमध्ये पाय संपतात. त्यापेक्षा एक सोंड धरून वर जायचं, वर गेल्यावर माथ्यामाथ्याने किंवा एखाद्या खिंडीतून पलीकडच्या सोंडेवर जायचं आणि तिथून खाली यायचं. घोड्याच्या नालेसारखा आकार, तोंड समुद्राकडे. माझे जवळपास सगळे आवडते रूट याच आकाराचे निघाले, ठरवून नाही, आपोआप. पूल मात्र आधी बघा बरं का, कारण रुंद खाडी मध्ये आली आणि पूल १२ किलोमीटर आत असला की नकाशावर छान दिसणारी फेरी तिथेच बाद.

कुठलं ॲप चांगलं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर जरा लांब आहे.

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला नकाशा, २००४ साली सुरू झाला. कोमूटसारखी बरीच सायकलिंग ॲप आतून याचाच डेटा वापरतात. म्हणजे दोन ॲपमध्ये तीच पायवाट दिसली म्हणून ती नक्की आहे असं धरून चालू नका, दोघांनी एकाच वहीतून कॉपी केलेली असू शकते. पण या नकाशात वाटांना जे टॅग लावलेले असतात ते वाचायला शिकलात तर घरबसल्या खूप कळतं. कच्च्या गाडीरस्त्याला १ ते ५ ग्रेड असते, १ म्हणजे पक्का किंवा घट्ट दाबलेला, ५ म्हणजे नुसती माती-गवत, पावसाळ्यात चाक रुतणार. पायवाटांना एमटीबी स्केल असतो ० ते ६. ० म्हणजे कुणीही जाईल, १ ला मुळं आणि छोटे दगड, २ ला मोठे दगड आणि सुटी माती, आणि ३ पासून पुढे हात बसलेला माणूस पाहिजे. पण टॅगच नसेल तर त्याचा अर्थ वाट सोपी आहे असा होत नाही, कुणी भरलं नाही एवढाच होतो.

मग स्ट्राव्हाचा, म्हणजे लोक आपल्या राइड आणि धावणं ज्यावर नोंदवतात त्या ॲपचा, हीटमॅप. लोक जिथून जातात त्या रेषा उजळ दिसतात, पण इथे एक युक्ती आहे जी बरेच जण वापरत नाहीत. सायकलिंगचा लेयर आणि रनिंगचा लेयर आलटून पालटून बघा. धावणाऱ्यांची रेषा झगझगीत आणि सायकलवाल्यांची जवळपास गायब, तर तिथे पायऱ्या आहेत, किंवा सायकलला बंदी आहे, किंवा वाट इतकी उभी आहे की सायकल खांद्यावरच घ्यावी लागेल. दोन्ही उजळ असतील तर बिनधास्त जा. आणि एखादी रेषा मधेच तुटली असेल तर तिथे लोक माघारी फिरलेत, कारण काय ते सॅटेलाइट इमेजमध्ये शोधा, बहुतेक वेळा कुंपण नाहीतर ओढा सापडतो.

सॅटेलाइटवर दाट झाडीखालचं काही दिसत नाही आणि फोटो जुना असू शकतो, तेवढं लक्षात ठेवा. पण वाटेचा रंग बघा, पांढुरकी स्पष्ट रेषा म्हणजे वापरातली वाट, हिरवट पुसट रेषा म्हणजे गवत आणि काटे.

चढ आपल्याला झेपेल का ते नकाशावरून कसं ओळखायचं?

समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. शाळेत भूगोलात शिकलो आणि विसरलो, पण या छंदात त्यांच्यासारखं उपयोगी काही नाही. आधी नकाशाच्या कोपऱ्यात बघा दोन रेषांमध्ये किती मीटरचा फरक आहे, १० किंवा २० असतो बहुतेकदा. मग वाट किती रेषा कापते ते मोजा. एक किलोमीटरमध्ये १० मीटरवाल्या दहा रेषा कापल्या म्हणजे १०० मीटर चढ, १० टक्के. मातीवर १० टक्के म्हणजे धापा टाकत पण बसून जाता येतं, १५ च्या पुढे सुट्या खडीवर मागचं चाक जागेवर फिरायला लागतं आणि मग ढकलणं.

वाट रेषांना समांतर चालली असेल तर ती डोंगराच्या कुशीतून सपाट जाते, अशी वाट दिसली की मी लगेच खूण करून ठेवतो, कारण दमल्यावर अशा वाटेसारखं सुख नाही. रेषांचं टोक उंच भागाकडे वळलेलं असेल तर ती घळ, पाणी आणि चिखल. टोक खालच्या भागाकडे असेल तर सोंड, तिथे जमीन कोरडी राहते.

आपली सुरुवात समुद्रसपाटीला होते म्हणजे शून्यावरून, त्यामुळे २५० मीटरची टेकडी म्हणजे खरंच २५० मीटर चढायचे आहेत, काही फुकट मिळत नाही. पण शेवट उताराचा असतो हे बक्षीस.

माझं ॲप म्हणतंय ९०० मीटर चढ, मित्राचं म्हणतंय ६५०. रूट तर एकच!

किनाऱ्याजवळ हा घोळ फार होतो. उंचीचे बरेच आकडे २००० साली फेब्रुवारीत अंतराळयानातून रडारने जी मोजणी झाली त्यावर बेतलेले असतात, त्यात एक चौकोन साधारण ३० मीटरचा. आता कड्याच्या पायथ्याशी रस्ता आहे, बाजूला सरळ ४० मीटरचा कडा, तर तुमची रेषा पाच मीटर इकडेतिकडे झाली की ॲपला वाटतं तुम्ही कड्यावर चढलात आणि परत उतरलात. असं दहा वेळा झालं की झाले ४०० मीटर. दाट जंगलातही रडारला जमिनीऐवजी झाडांचे शेंडे लागतात. म्हणून किनाऱ्यालगतच्या भागाचा आकडा सोडून द्या आणि मुख्य चढ रेषा मोजून स्वतः काढा, दोन मिनिटांचं काम आहे.

गावाबाहेर पडायलाच हायवे आहे. तो टाळायचा कसा?

हाच खरा गाभा आहे सगळ्याचा. मी नकाशा वाहनांच्या नजरेने बघणं सोडून दिलं आणि पाण्याच्या आणि रुळांच्या नजरेने बघायला लागलो तेव्हा वाटा दिसायला लागल्या. कालव्याच्या कडेचा देखभालीचा रस्ता, धरणाच्या पाइपलाइनच्या बाजूची कच्ची वाट, विजेच्या मोठ्या खांबांखालची मोकळी पट्टी, बंद पडलेली रेल्वेलाइन. जुन्या रेल्वेलाइनसारखं तर काहीच नाही, कारण इंजिनाला उभा चढ झेपत नाही म्हणून तो मार्ग एक-दोन टक्क्यांच्या आसपासच चढत जातो, तुम्ही गप्पा मारत १० किलोमीटर आत जाता आणि बघता तर उंची बरीच गाठलेली असते.

हायवे ओलांडायला खालून जाणारे मार्ग शोधा, ओढ्यावरच्या मोऱ्या, गुरांसाठीचे बोगदे. हे नकाशात बारीक असतात, पूर्ण झूम केल्याशिवाय दिसत नाहीत. आणि एखादा तुकडा हायवेवरूनच जाणं भाग असेल तर तो सकाळी लवकर करा, परतीला ठेवू नका. दमलेला माणूस वेड्यावाकड्या रेषेत चालवतो.

हे तुकडे एकाच दिवशी तपासायला जाऊ नका. संध्याकाळी तासभर मोकळा मिळाला की एकच तुकडा, फक्त बघून यायचं, पुढे कुंपण आहे का, वाट निघते का. माझ्या सगळ्यात चांगल्या रूटचे पहिले सहा किलोमीटर जुळवायला मला चार संध्याकाळी लागल्या. ट्रेल तर पहिल्याच दिवशी सापडला होता.

बीचवरून सायकल नेली तर? शॉर्टकट होईल.

होईल, पण वेळापत्रक समुद्राचं असतं. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे आज सकाळी ७ ला ओहोटी तर उद्या साधारण ७:५० ला. मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. आणि पाणी एकसारखं चढत नाही, पहिल्या तासात थोडं, दुसऱ्यात जरा जास्त आणि तिसऱ्या-चौथ्या तासात एकूण चढण्याच्या निम्मं पाणी येऊन जातं. लोक फसतात ते इथेच, तासभर बघतात, "काही विशेष वाढत नाहीये" म्हणतात आणि पुढे जातात.

मी पण तसाच एकदा गेलो. एका खडकाळ टोकाला वळसा घालून पलीकडे गेलो, निवांत बसलो आणि परत आलो तर वाळूचा पट्टाच नाही, लाटा थेट खडकाला. सायकल खांद्यावर घेऊन निसरड्या खडकांवरून पाऊण तास काढला, एका हाताने सायकल, एका हाताने खडक. दुसऱ्या दिवशी खांद्यावर फ्रेमची लालभडक रेघ होती. तेव्हापासून माझा नियम, ओहोटीच्या दोन तास आधी वाळूवर उतरायचं आणि ओहोटीनंतर एका तासात बाहेर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा ओहोटीला वाळू खूप लांबपर्यंत उघडी पडते पण भरतीलाही पाणी तितकंच वर येतं.

चालवायची ती ओल्या, घट्ट, गडद रंगाच्या वाळूवरून. वरच्या कोरड्या वाळूत जाऊ नका, आणि वाळूच्या टेकड्यांवर तर अजिबात नको, तिथलं गवतच ती वाळू धरून ठेवतं, चाकाने उखडलं की वाऱ्याबरोबर टेकडी जाते. पक्ष्यांच्या विणीच्या काळात बीच सोडूनच द्या, अंडी उघड्या वाळूत असतात आणि चालत्या सायकलवरून दिसत सुद्धा नाहीत.

येताना नेहमी समोरून वारा का असतो?

कारण तुम्ही दुपारी परत येताय. दिवसा जमीन लवकर तापते आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, खारे वारे, दुपारी सगळ्यात जोर. रात्री उलट, मतलई वारे. म्हणजे ११ ला निघालात तर जाताना वारा पाठीशी, वाटतं आज काय फॉर्म आहे, आणि ३ ला परत फिरलात की शेवटचे १० किलोमीटर, तेही सपाट, उघडे, सगळं अंगावर. उजाडताना निघा आणि वारा जोर धरायच्या आत परत या. नाहीच जमलं तर परतीचा रस्ता झाडीतून किंवा दरीतून आखा, जाताना उघड्यावरून गेलं तरी चालतं.

पहिल्यांदा किती किलोमीटरचा रूट आखू?

किलोमीटर नका धरू, तास धरा. माझा हिशोब असा, एमटीबीवर डांबरावर ताशी १५, कच्च्यावर ताशी १०, आणि प्रत्येक १०० मीटर चढाला वर १० मिनिटं. २० किलोमीटर डांबर, २० कच्चं, ७०० मीटर चढ म्हणजे साडेचार तास, थांबे धरून साडेपाच. पहिल्यांदा याच्या निम्मं करा.

डांबरावर जाड टायर जड जातात. दुसरे घ्यावेत का?

नको, हवा बदला. मी ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले टायर) वापरतो, घरून निघताना ३२-३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), ट्रेल सुरू होतो तिथे उतरून २२-२४ पर्यंत सोडतो, परत डांबर लागलं की हातपंपाने भरतो. ट्यूब असेल तर इतकं कमी करू नका, दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. सस्पेन्शनला (धक्के झेलणाऱ्या भागाला) लॉक असेल तर डांबरावर तो लावा, फरक लगेच कळतो.

ट्रेन-बोट चालेल ना?

का नाही चालणार, तिथे आपण चालक नाही ना! उलट किनाऱ्याच्या गावाला याचा भारी फायदा आहे. ट्रेन आत डोंगराकडे जात असेल तर ट्रेनने वर जा आणि सायकलने समुद्राकडे उतरत या. ट्रेन किनाऱ्याला समांतर असेल तर वारा कुठून आहे ते बघून त्या बाजूच्या टोकाला उतरा आणि वारा पाठीशी घेऊन घरी या. बोट खाडी ओलांडून देत असेल तर वर म्हटलेला पुलाचा प्रश्नच मिटतो, फक्त शेवटची बोट किती वाजता ते लिहून घ्या.

सायकल नेण्याचे नियम जिथले तिथे वेगळे असतात, आधी विचारा. चाक काढून बॅगेत भरायची असेल तर एक काळजी घ्या. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक (चाकावरच्या चकतीला तेलाच्या दाबाने धरणारा) असेल आणि चाक काढल्यावर चुकून लिव्हर दाबला गेला तर आतले पॅड जवळ येऊन बसतात, मग स्टेशनवर उतरल्यावर डिस्क आत जातच नाही. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा घडी करून घालून ठेवा. माझ्या बॅगेत असा एक पुठ्ठा कायम असतो, तेलकट काळा झालाय पण बदलवत नाही.

ई-एमटीबी, म्हणजे बॅटरी-मोटरवाली एमटीबी, असेल तर सगळं सोपं ना?

डांबराचा कंटाळवाणा भाग सोपा होतो, तेवढं खरं. पण सायकल २० किलोच्या वर जाते आणि एखादं फाटक किंवा जिना आला की उचलायची कोणी. बॅटरीचं गणित मात्र आपल्या बाजूने आहे, चढ आधी आणि उतार नंतर, त्यामुळे सगळ्यात उंच जागी ४० टक्के उरली तरी घाबरू नका, फक्त शेवटच्या वाऱ्यासाठी थोडी राखा.

वाट कुणाच्या तरी जमिनीतून जात असेल तर?

विचारा. नकाशात रेषा आहे म्हणजे जायची परवानगी आहे असं नाही. मालक भेटला तर उतरून बोला, सायकलवर बसल्या बसल्या नको. फाटक जसं होतं तसंच ठेवा, उघडं तर उघडं, बंद तर बंद. चालणाऱ्याला आणि जनावरांना आधी वाट, आणि जनावराजवळ लांबूनच आवाज द्या. ओल्या मातीत चाकाची खोल चरी पडत असेल तर त्या दिवशी परत फिरा, त्याच चरीतून पुढच्या पावसाचं पाणी वाहतं आणि वाट घळ होते.

उतार लांब आहे, ब्रेक तापतात. काय करू?

सतत दाबून धरू नका, वळणाच्या आधी जोरात धरा, वळणात सोडा, सरळ भागात त्यांना गार होऊ द्या. ही अडचण माउंटन बायकिंगइतकीच जुनी आहे. कॅलिफोर्नियात समुद्राजवळच्या मरिन काउंटीत २१ ऑक्टोबर १९७६ ला जी पहिली उतारावरची रेस झाली तिचं नावच रीपॅक, म्हणजे "परत भरा", पडलं, कारण त्या जुन्या सायकलींचे मागच्या हबमधले (चाकाच्या मधल्या तुंब्यातले) ब्रेक एका उतारात इतके तापायचे की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब खोलून परत ग्रीस भरावं लागायचं.

खाऱ्या हवेत सायकल टिकते का?

टिकते, पण आळस चालत नाही. वाळूवरून आलात की त्याच दिवशी गोडं पाणी, बादली आणि तांब्या, जोराचा फवारा नको, तो बेअरिंगमध्ये मीठ आत ढकलतो. चेन पुसून कोरडी, मग तेल. आणि दर दोन महिन्यांनी सीटपोस्ट (सीटखालची नळी) पूर्ण बाहेर काढून पुसून ग्रीस लावा, दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये खारं पाणी गेलं की ते एकमेकांना असे धरून बसतात की नंतर करवत लागते. वर सांगितलेल्या त्या खडकांच्या दिवसानंतर मी धुवायला एक दिवस उशीर केला, महिन्याभरात पेडलजवळून करकर सुरू झाली आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाची बेअरिंग) बदलावा लागला.

एकट्याने गेलं तर चालतं? नेटवर्क नसतं तिकडे.

मी जातो. मॅप ऑफलाइन डाउनलोड, घरी रूट आणि परतायची वेळ सांगून ठेवलेली, एक्स्ट्रा ट्यूब, चेन जोडायची लिंक, पुढे-मागे लाइट. आणि नवीन वाट एकट्याने शोधायची ती चढताना, उतरताना नाही. चढताना वाट बंद निघाली तर फक्त मागे वळायचं असतं.

रूट जमला! आता फाइल शेअर करू का?

जरूर करा, पण तीन कामं आधी. सुरुवातीचे आणि शेवटचे काहीशे मीटर कापा म्हणजे घर दिसत नाही. कुणी फक्त तुमच्यापुरती परवानगी दिली असेल तर तो तुकडा काढून टाका. आणि रूटमध्ये वाळू असेल तर फाइलच्या नावातच लिहा, "फक्त ओहोटीला".